ब्लूबर्ड कॅफेतला अल्बम: तीन गीतकार, तीन गिटार आणि ऐकायची एक पद्धत

१३ सप्टेंबर १९९५ ला अमेरिकेत नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेत गाय क्लार्क, टाउन्स व्हॅन झँट आणि स्टीव्ह अर्ल हे तिघं आपापली गिटार घेऊन बसले आणि पाळीपाळीने स्वतःची गाणी गायले. मागे बँड नाही, ड्रम नाहीत, काही नाही. गरजूंना दातांचे उपचार देणाऱ्या इंटरफेथ डेंटल क्लिनिकच्या मदतीसाठी हा कार्यक्रम होता, आणि त्याचं रेकॉर्डिंग २००१ मधे ‘टुगेदर ॲट द ब्लूबर्ड कॅफे’ नावाने अल्बम म्हणून आलं. या प्रकारच्या संगीतात, म्हणजे कंट्री-फोकमधे, शिरायला माझ्या मते याहून चांगलं दार नाही. पण होतं काय की बरेच जण दोन गाणी ऐकतात आणि बंद करतात, सगळं एकसारखंच वाटतं म्हणतात, तीच गिटार तीच संथ चाल. त्यांचंही चुकत नाही, कारण इथे ऐकायच्या गोष्टी वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या असतात. त्या कुठे आहेत ते सांगायचा हा प्रयत्न.

आधी कंट्री-फोक म्हणजे काय ते बघू. कंट्री म्हटलं की आपल्याकडे टोपी, बूट आणि घोडा एवढंच डोळ्यासमोर येतं, पण कंट्री हा मुळात एक मोठा धंदा आहे आणि त्याचं केंद्र नॅशव्हिल. तिथला ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओ कार्यक्रम १९२५ पासून चालू आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी आणि साठच्या दशकात तिथल्या निर्मात्यांनी गाणी जास्त खपावीत म्हणून त्यात व्हायोलिनचे ताफे आणि गुळगुळीत कोरस घालायला सुरुवात केली, त्याला नॅशव्हिल साउंड म्हणतात. फोकचं मूळ वेगळं. स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेली, डोंगराळ भागात तोंडातोंडी टिकलेली गोष्टीची लांब गाणी, आणि मग साठच्या दशकात शहरातल्या कॉफी हाउसमधे एकटा माणूस गिटार घेऊन ती गाऊ लागला, स्वतःची नवीही लिहू लागला. तर कंट्रीची माणसं, बोली, रस्ते, दारू, तुरुंग, घर सोडणं हे सगळं विषय म्हणून घ्यायचं आणि मांडणी मात्र फोकसारखी उघडी ठेवायची, हे झालं कंट्री-फोक. टेक्सासमधून आलेल्या लोकांनी हे फार मनापासून केलं, कारण ह्यूस्टनच्या छोट्या क्लबांत त्यांना एका बाजूला फोकवाले ऐकायला मिळत होते आणि दुसऱ्या बाजूला लाइटनिन हॉपकिन्ससारखा ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दुःखाच्या गाण्यांचा, बाप माणूस. टाउन्सच्या गिटारीत हॉपकिन्स कायम ऐकू येतो.

आता सिंगर-साँगरायटर हा शब्द. आपल्या भावगीतात कामं वाटलेली असतात, गदिमा लिहिणार, बाबूजी चाल लावणार, आणि गाणारा कधी बाबूजीच तर कधी तिसराच कोणी. नॅशव्हिलचा धंदाही असाच वाटणीवर चालतो. तिथे लिहिणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे जो सकाळी ऑफिसला जावं तसा पब्लिशिंग कंपनीच्या खोलीत जाऊन दुसऱ्यांसाठी गाणी लिहितो, बऱ्याचदा दोघं-तिघं मिळून. या अल्बममधलं ‘द केप’ हे गाणंसुद्धा गाय क्लार्क, त्याची बायको सुझॅना आणि जिम जॅनॉस्की अशा तिघांनी मिळून लिहिलेलं आहे. सिंगर-साँगरायटर म्हणजे जो लिहितो, चाल लावतो आणि स्वतःच गातोही. पण मजा अशी की या तिघांना, निदान क्लार्क आणि टाउन्सला, मोठं नाव मिळालं ते बरंचसं दुसऱ्यांनी त्यांची गाणी गायल्यामुळे.

इथे पैशांचं गणित थोडं समजून घ्यायला हवं, कारण त्याशिवाय अशी माणसं जगतात कशी ते कळत नाही. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे गाणं, शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्याचं एखादं रेकॉर्डिंग. दोन्हीचे मालक वेगळे असू शकतात आणि बहुतेक वेळा असतातच. अमेरिकेत एकदा गाणं रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की पुढे कोणीही ते परत रेकॉर्ड करू शकतो, लेखकाची परवानगी मागायची गरज नाही, फक्त कायद्याने ठरलेला दर द्यायचा. १९९५ मधे हा दर एका प्रतीमागे एका गाण्याला ६.६ सेंट होता, आणि तो रूढ पद्धतीप्रमाणे लेखक आणि पब्लिशर (गाण्याचे हक्क सांभाळणारी कंपनी) यांच्यात अर्धा-अर्धा जायचा. शिवाय रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते लेखक-पब्लिशरला, ॲसकॅप किंवा बीएमआयसारख्या, हे पैसे गोळा करून वाटणाऱ्या संस्थांमार्फत. नेहमीच्या रेडिओसाठी गायकाला अमेरिकेत काहीच मिळत नाही! म्हणजे टाउन्सचं ‘पँचो अँड लेफ्टी’ १९८३ मधे विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्ड या कंट्रीतल्या मोठ्या गायकांनी गायलं, कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरला गेलं, तेव्हा रेडिओवर दरवेळी वाजताना पैसा टाउन्सच्या बाजूला वळत होता, विली-मर्लच्या नाही. (आपल्याकडे गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला हक्क कायद्याने पक्का झाला तो २०१२ च्या दुरुस्तीनंतर, त्याआधी कित्येकांनी एकदाच मानधन घेऊन गाणी देऊन टाकली, हे आठवलं की वाईट वाटतं.)

म्हणून असा अल्बम महत्त्वाचा. एरवी मोठ्या गायकाच्या आवाजात, भरगच्च वाद्यवृंदात ऐकलेलं गाणं इथे ज्याने लिहिलं त्याच्या तोंडून येतं. कुठे श्वास घ्यायचा, कुठला शब्द दाबायचा, कुठे घाई करायची, हे लिहिताना त्याच्या डोक्यात जे होतं ते तसंच बाहेर येतं.

या तिघांचं आपसातलं नातं माहीत असलं की अर्धा अल्बम आपोआप उलगडतो. गाय क्लार्क १९४१ चा, पश्चिम टेक्सासच्या मोनाहान्स गावचा, गिटार वाजवायचाच पण गिटारी बनवायचाही, घराच्या तळघरात त्याचं वर्कबेंच असायचं आणि गाणीही तिथेच लिहायचा. त्याची गाणी ऐकताना सुतारकाम आठवतं, एक शब्द जास्तीचा सापडणार नाही. टाउन्स व्हॅन झँट १९४४ चा, फोर्ट वर्थच्या चांगल्या खात्यापित्या घरातला, आणि आयुष्यभर दारू, आजार आणि भटकणं. क्लार्क आणि टाउन्स जिवलग मित्र. स्टीव्ह अर्ल १९५५ चा, या दोघांच्या मागे धावत एकोणिसाव्या वर्षी नॅशव्हिलला आलेला पोरगा, क्लार्कच्या बँडमधे बास वाजवला, १९७५ च्या क्लार्कच्या पहिल्या अल्बमवर मागे आवाजही दिला. टाउन्सला तर तो इतका मानायचा की स्वतःच्या मुलाचं नाव त्याने जस्टिन टाउन्स ठेवलं. पुढे अर्ल स्टार झाला, १९८६ आणि १९८८ ला मोठे अल्बम आले, मग ड्रग्जने पार रसातळाला नेलं, १९९४ मधे तुरुंगातही जाऊन आला. १९९५ मधे त्याने पूर्ण अकूस्टिक, म्हणजे विजेवर न चालणाऱ्या वाद्यांचा, अल्बम काढून परत सुरुवात केली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधे तो या दोन गुरूंच्या शेजारी बसलाय. त्याच्या आवाजात जे आहे ना, सुटलो बाबा आणि अजून मला हे येतं, दोन्ही एकदम, ते दुसऱ्या कुठल्या अल्बममधे मला इतकं स्पष्ट ऐकू आलेलं नाही.

ब्लूबर्ड कॅफे १९८२ मधे ॲमी कर्लंड या बाईंनी काढला. बाहेरून बघितलं तर दुकानांच्या एका साध्या रांगेतलं एक दुकान, आत साधारण नव्वद माणसं बसतील एवढीच जागा. तिथला नियम कडक, गाणं चालू असताना बोलायचं नाही. १९८५ पासून तिथे ‘इन द राउंड’ नावाची पद्धत रुळली. तीन-चार गीतकार गोल करून बसतात, एक गातो, मग पुढचा, मग पुढचा, फेरी पूर्ण झाली की परत पहिला. आवडलं तर बाकीचे हळूच गिटारीची साथ देतात, एखादी ओळ बरोबर म्हणतात. याचं मूळ घरगुती बैठकांत आहे, गिटार हातोहात फिरायची आणि ज्याच्या हातात येईल त्याने गायचं, म्हणून त्याला गिटार पुल म्हणतात. क्लार्कच्या घरी सत्तरच्या दशकात अशा बैठका व्हायच्या, १९७५ च्या नाताळच्या आदल्या रात्रीची एक बैठक माहितीपटात चित्रितही झालेली आहे आणि त्यात विशीतला अर्ल दिसतो. म्हणजे ब्लूबर्डमधे हे तिघं जे करत होते ते त्यांना नवीन नव्हतंच, वीस वर्षं चाललेलं होतं, फक्त या वेळी माइक लावलेले होते.

या राउंडमुळे गाणी ऐकायची पद्धतच बदलते. एकटा गायक असतो तेव्हा गाण्यांचा क्रम तो आधी ठरवतो. राउंडमधे शेजारच्याने काय गायलं ते ऐकून तुमचं पुढचं गाणं निघतं, एक प्रकारचं उत्तर असतं ते. अल्बमवर क्रम शेवटपर्यंत तोच आहे, क्लार्क, मग टाउन्स, मग अर्ल. तर एकेक गाणं सुटं ऐकू नका, तीन-तीनच्या जुड्या करून ऐका. तिसरी फेरी बघा. क्लार्क ‘रँडल नाइफ’ म्हणतो, वडील गेल्यावरचं. त्यावर टाउन्स ‘अ साँग फॉर’, सगळं संपत आल्यासारख्या माणसाचं गाणं. आणि मग अर्ल ‘टॉम एम्स प्रेयर’, त्यात चारी बाजूंनी पोलिसांनी घेरलेला एक दरोडेखोर देवाशी बोलतोय, आणि त्या बोलण्यात विनवणीपेक्षा हुज्जत जास्त! तीन गाणी, मरणासमोर उभं राहायच्या तीन तऱ्हा. पुढच्या फेरीत टाउन्स ‘पँचो अँड लेफ्टी’ गातो, मेक्सिकोच्या वाळवंटात मेलेला एक डाकू आणि कदाचित त्याला दगा देऊन वाचलेला दुसरा, आणि त्यावर अर्ल ‘मर्सेनरी साँग’ घेतो, पैशासाठी सीमा ओलांडून मेक्सिकोत लढायला निघालेल्यांचं. पाचव्या फेरीत क्लार्कचं ‘इमिग्रंट आइज’, जहाजाने एलिस आयलंडवर, म्हणजे स्थलांतरितांची नोंद व्हायची त्या न्यूयॉर्कजवळच्या बेटावर, उतरलेल्या आजोबांचं, आणि लगेच टाउन्सचं ‘टेकमसे व्हॅली’, कामाच्या शोधात घर सोडून आलेल्या खाणकामगाराच्या पोरीचं. एकाचं घर सोडणं फळाला आलं, दुसरीचं नाही. हे शेजारी-शेजारी ऐकल्यावर जे होतं ते सुटं ऐकून होत नाही.

‘रँडल नाइफ’वर जरा थांबतो, कारण या सगळ्या प्रकारात गाणं कसं बांधतात ते इथे अगदी जवळून दिसतं. पहिली गोष्ट म्हणजे क्लार्क हे गातच नाही, बोलतो. खाली गिटार एकसारखी फिरत राहते, वर साधं बोलणं. विषय एक सुरी. रँडल ही फ्लोरिडातल्या ऑरलँडोची हाताने बनवलेल्या सुऱ्यांची प्रसिद्ध कंपनी, आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिक त्या सुऱ्या बरोबर न्यायचे. क्लार्कच्या वडिलांकडे तशी एक होती, आईने दिलेली. मुलगा ती स्काउटच्या शिबिराला घेऊन जातो, झाडात रुतवायला जातो आणि टोक मोडतं, अर्धा इंच. वडील ओरडत नाहीत, सुरी ड्रॉवरमधे ठेवून देतात, विषय बंद. वर्षं जातात, वडील वारतात, मुलाला रडू येत नाही. वस्तूंची वाटणी होते, तुला काय हवं विचारतात, आणि तो ती सुरी मागतो. ती हातात आल्यावर मग रडू येतं. बस एवढंच. बाप-लेकाच्या प्रेमाबद्दल मोठमोठी वाक्यं नाहीत, वडील चांगला माणूस होते एवढं एका ओळीत येऊन जातं, सगळा भार त्या मोडलेल्या अर्ध्या इंचावर टाकलेला आहे. आणि गाऊन दाखवलं असतं तर ते गळेकाढू झालं असतं असं मला ठाम वाटतं, सुरात भावना वाहून जाते, बोलण्यात ती दाबली जाते आणि दाबलेली जास्त लागते.

आता गिटार. एकसारखी वाटते ना? तर फक्त अंगठा ऐका. या लोकांची मुख्य पद्धत फिंगरपिकिंग, म्हणजे प्लास्टिकच्या पिकने सगळ्या तारा एकदम छेडण्याऐवजी बोटांनी वेगवेगळ्या तारा वाजवायच्या. अंगठा जाड तारांवर एक-दोन, एक-दोन असा आलटून पालटून चालतो, तो झाला ताल आणि बास, आणि त्याच वेळी तर्जनी-मधलं बोट बारीक तारांवर सूर वाजवत असतात. केंटकीच्या मर्ल ट्रॅव्हिसमुळे ही पद्धत एवढी प्रसिद्ध झाली की तिला ट्रॅव्हिस पिकिंगच म्हणतात. एक माणूस दोन वाद्यांचं काम करतो, म्हणून तर बँड लागत नाही. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्या, बहुतेक तीन-चारच, सोप्या, आणि गळ्याप्रमाणे पट्टी वर न्यायची असेल तर गिटारीच्या मानेवर कॅपो नावाचा चिमटा लावायचा, बोटांची ठेवण तीच राहते. चाल मुद्दाम साधी ठेवलेली असते. पाच-सात कडव्यांची गोष्ट सांगायचीय, ऐकणाऱ्याचं लक्ष कॉर्डकडे गेलं तर गोष्ट हातची जाते.

टाउन्सबद्दल स्पष्ट सांगतो, या अल्बमवर त्याचा आवाज थकलेला आहे. कधी सूर खाली जातो, कधी ओळ ओढल्यासारखी येते. त्यानंतर सोळा महिन्यांच्या आत, १ जानेवारी १९९७ ला तो गेला, बावन्न वर्षांचा होता, आणि तारीखही तीच जिच्यावर १९५३ मधे कंट्रीचा दिग्गज हँक विल्यम्स गेला होता. काही जण म्हणतात की टाउन्स ऐकायचा तर तरुणपणीचा ऐका, हा नको. मला ते पटत नाही. ‘टेकमसे व्हॅली’चंच बघा. १९६८ च्या पहिल्या अल्बमवर हे गाणं आहे, पण तिथे निर्मात्यांनी गाण्यांवर इतका साजशृंगार चढवला, शब्दही सौम्य केले, की टाउन्सने पुढच्याच वर्षी ते परत, साधेपणाने, मूळ शब्दांसह रेकॉर्ड केलं. म्हणजे हे गाणं उघडंच चांगलं हे त्याला चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षीच कळलेलं होतं. ब्लूबर्डमधे ते पूर्ण उघडं आहे, आवाजाचाही आधार नाही, आणि तरी उभं राहतं. गाणं किती मजबूत आहे याची याहून कडक परीक्षा कोणती? त्याच रात्री त्याने लहान मुलीसाठी लिहिलेलं ‘केटी बेल’ही गायलंय, तिथे तोच थकलेला आवाज इतका मऊ होतो की ऐकतच राहावं.

लाइव्ह या शब्दाबद्दल एक. बाजारातले बरेच लाइव्ह अल्बम नंतर स्टुडिओत दुरुस्त केलेले असतात, बेसूर ओळ परत गाऊन घेतात, गिटार नव्याने वाजवतात. तीन-चार अकूस्टिक वादक जवळ-जवळ बसलेले असताना हे करणं फार अवघड जातं, कारण प्रत्येक माइकमधे शेजारच्याचाही आवाज शिरलेला असतो. त्याला रेकॉर्डिंगवाले ब्लीड म्हणतात. क्लार्कची ओळ पुसायला जाल तर टाउन्सच्या माइकमधली तिची सावली राहणारच. त्यामुळे अशा रेकॉर्डिंगमधे खुर्चीची करकर, कोणाचं खाकरणं, गाण्याआधी जुळवलेली तार, मधलं बोलणं, हसणं, हे सगळं राहतं. स्ट्रीमिंगवर ऐकताना हे मधलं बोलणं लोक पुढे ढकलतात. कृपा करून ढकलू नका, गाण्याआधी गीतकार काय बोलतो हा या प्रकाराचा अर्धा ऐवज आहे.

शेवटच्या फेरीत अर्ल ‘कॉपरहेड रोड’ गातो. १९८८ ची स्टुडिओतली आवृत्ती आणि ही, दोन्ही पाठोपाठ ऐका, याहून सोपा धडा नाही. स्टुडिओत ते जवळजवळ रॉक आहे, दणदणीत ड्रम, अंगावर येणारं. त्यात गोष्ट अशी की टेनेसीच्या डोंगरात चोरून दारू गाळणाऱ्या घराण्यातला नातू व्हिएतनाम युद्धातून परत येतो आणि त्याच रस्त्यावर गांजा लावतो. स्टेडियममधे लोक यावर नाचतात. ड्रम काढले की अचानक लक्षात येतं, हे तीन पिढ्यांच्या गरिबीचं आणि युद्धाचं गाणं आहे, आणि शेवटी त्या माणसाच्या डोक्यात अजून व्हिएतनाम चालूच आहे.

इंग्रजी गाण्यातले शब्द पटकन पकडता येत नसतील तर पहिल्यांदा शब्द समोर ठेवून वाचत ऐका, त्यात काही कमीपणा नाही, उच्चार टेक्सासचे आहेत आणि बोली जाड आहे. ‘डब्लिन ब्लूज’मधे ऑस्टिनच्या चिली पार्लर बारचा उल्लेख येतो, तसे गावांचे, बारांचे, रस्त्यांचे खरे उल्लेख जागोजागी आहेत, नकाशा उघडून बघायलाही मजा येते. हा अल्बम पचला की मग टाउन्सचा ‘लाइव्ह ॲट द ओल्ड क्वार्टर’ घ्या, ह्यूस्टनच्या छोट्या बारमधे १९७३ च्या जुलैत रेकॉर्ड झालेला, १९७७ ला आलेला, एकटा टाउन्स, ऐन भरात. आणि अर्लने या दोघांच्या गाण्यांचे पुढे एकेक पूर्ण अल्बम केले, २००९ ला ‘टाउन्स’ आणि क्लार्क २०१६ मधे गेल्यानंतर २०१९ ला ‘गाय’. ते मात्र ब्लूबर्डच्या नंतरच ऐका, आधी नको.